लिनक्सवर डीव्हीडी चालवणे

लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीवर चित्रपटाची विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यासाठी बहुधा 'लिबडीव्हीडीसीएसएस' हा सॉफ्टवेअर संच वेगळा बसवावा लागतो. तबकडीवरील फायली दिसतात, मात्र चित्र फुटते किंवा चालकयंत्र त्रुटी दाखवते. ही लिनक्सची तांत्रिक उणीव नसून तबकडीवरील कुलपाचा परिणाम आहे.

कुलपाचे स्वरूप

व्यावसायिक डीव्हीडीवरील चित्रफीत 'सीएसएस' या पद्धतीने सांकेतिक केलेली असते. १९९६ साली वापरात आलेल्या या पद्धतीत ४० बिटांची किल्ली वापरली जाते. ती किल्ली परवानाधारक उत्पादकांनाच मिळते. परवान्यात गुप्ततेची अट असल्यामुळे खुल्या सॉफ्टवेअरला ती घेता येत नाही. १९९९ साली 'डीसीएसएस' हा कार्यक्रम प्रसिद्ध होऊन कुलपाची कार्यपद्धती उघड झाली. या प्रकरणी नॉर्वेतील योन लेक योहान्सन या तरुणावर खटला चालला; २००३ साली त्याची निर्दोष मुक्तता झाली. व्हिडिओलॅन प्रकल्पाचा 'लिबडीव्हीडीसीएसएस' संच परवानाधारकाच्या किल्लीवाचूनही तबकडी उलगडू शकतो.

बसवण्याची पद्धत

डेबियन व उबुंटूमध्ये 'लिबडीव्हीडी-पीकेजी' हे पॅकेज बसवून त्याची पुनर्रचना केली की मूळ संहिता उतरवली जाते आणि संगणकावरच संच तयार होतो. फेडोरासाठी तो आरपीएम फ्यूजन या भांडारातून मिळतो. त्यानंतर व्हीएलसी चालकात डीव्हीडी उघडता येते.

प्रदेश संकेत

भारत डीव्हीडीच्या पाचव्या प्रदेशात, तर अमेरिका पहिल्या प्रदेशात मोडते. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये प्रदेश साधारणतः पाच वेळाच बदलता येतो. त्यानंतर शेवटची निवड कायम राहते. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेली तबकडी पाहण्यासाठी प्रदेश वारंवार बदलणे म्हणूनच टाळावे.

खानदेशातील तबकड्या

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील घरांमध्ये सापडणाऱ्या सर्वच तबकड्या कुलूपबंद नसतात. व्हीसीडी या प्रकारात सीएसएस नसते. त्यामुळे अहिराणी गाण्यांच्या किंवा शेजारच्या मालेगावात तयार झालेल्या विनोदी चित्रपटांच्या व्हीसीडी या संचाशिवाय चालतात. लग्नाच्या चित्रीकरणाची, संगणकावर लिहिलेली डीव्हीडीही सहसा मुक्त असते. व्हीसीडीवरील 'डॅट' फाइल लिनक्समध्ये नेहमीप्रमाणे नक्कल करताना वाचन-त्रुटी येऊ शकते. अशा वेळी 'व्हीसीडीएक्सरिप' हे साधन वापरतात. लिहिलेल्या तबकडीवरील रंगद्रव्याचा थर उष्णता व प्रकाशाने खराब होतो. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळी तापमान ४५ अंशांपर्यंत पोहोचते. त्यामुळे ज्या ध्वनिचित्रफितींची दुसरी प्रत नाही, त्यांची संगणकीय प्रत वेळीच करणे आवश्यक ठरते.

कायदेशीर स्थिती

प्रताधिकार कायद्यात २०१२ साली समाविष्ट झालेल्या कलम ६५अ नुसार, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण चुकवणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनांसाठी याच कलमात अपवाद आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने अधिक कडक निर्बंध घातल्यामुळे अनेक लिनक्स वितरणे हा संच मूळ प्रणालीसोबत देत नाहीत.