ज्याचे त्याचे काम

शिरूरवरून वाहत येणारी घोड नदी दौंडच्या परिसरात भीमेला मिळते. तेथून भीमेच्या काठाने खाली गेले म्हणजे उत्तर तीरावर पेडगाव लागते. गावालगत एका जुन्या कोटाचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. औरंगजेब बादशहाचा दख्खनचा सुभेदार बहादुरखान कोकलताश याने येथे आपली मोठी छावणी वसविली होती. त्याच्याच नावावरून या कोटाला बहादुरगड हे नाव मिळाले.

१६७४ च्या जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, जुलैच्या मध्यास, पेडगावच्या छावणीवर मराठ्यांची धाड आली. इतिहासकार यदुनाथ सरकार यांनी आपल्या शिवचरित्रात या प्रसंगाचा वृत्तांत दिला आहे. सुमारे २,००० स्वारांची एक तुकडी प्रथम छावणीच्या दिशेने आली. तिला पिटाळून लावण्यासाठी बहादुरखान आपली फौज घेऊन बाहेर पडला. मराठे पळू लागले, मोगल त्यांच्या पाठीस लागले. असे करीत करीत खान छावणीपासून सुमारे ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, दूर गेला. इकडे ७,००० मराठ्यांची दुसरी फौज निराळ्या वाटेने रक्षकहीन छावणीवर तुटून पडली. एक कोट रुपयांची लूट आणि बादशहास नजर करण्यासाठी जमविलेले २०० उमदे घोडे तिच्या हाती लागले.

या प्रसंगात अधिक कठीण काम कोणाचे होते ? लूट आणणाऱ्या ७,००० जणांचे, की पळणाऱ्या २,००० जणांचे ? हा प्रश्न क्षणभर मनात ठेवून आता एका खेळाकडे वळू या.

युद्धातील निरनिराळी कामे खेळात आणण्याची कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही प्राचीन सैन्याची चार अंगे. त्यांवरूनच ‘चतुरंग’ हा खेळ निघाला आणि त्यातून पुढे बुद्धिबळ जन्मास आले. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा आणि फासे घेऊन खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. अशा युद्धखेळांच्याच परंपरेतून १९७४ मध्ये अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा नवा खेळ प्रसिद्ध केला. पेडगावच्या धाडीला त्या वर्षी बरोबर ३०० वर्षे झाली होती.

या खेळात एक गडी सूत्रधार होतो. तो अद्भुत कथेतील स्थळाचे वर्णन करतो : येथे अंधारे भुयार आहे, पलीकडे राक्षस झोपला आहे. बाकीचे गडी एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करील ते सांगतात. घाव लागला की हुकला, हे ठरविण्यासाठी बहुधा वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्राच्या अंगी किती बळ उरले, ते गुणांनी मोजतात. घाव बसला की गुण कमी होतात आणि गुण संपले की पात्र पडते. गडी एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सारे एका पथकाचे असतात आणि यशापयश पथकाचे असते.

आरंभी या खेळात तीनच प्रकारची पात्रे होती : योद्धा, मांत्रिक आणि प्रार्थनेच्या बळाने जखमा भरून काढणारा पुरोहित. १९७५ मध्ये चोर हे चौथे पात्र आले. दबक्या पावलांनी पुढे जाणे, कुलपे उघडणे, सापळे ओळखणे ही त्याची कामे. पथकाचा हेर तोच. प्रत्येक पात्रात एक गुण मोठा असतो आणि एक उणीवही असते. योद्ध्याचे अंग चिलखताने झाकलेले असते, परंतु जखम भरण्याची विद्या त्याला येत नाही. मांत्रिक दुरून अग्नीचा लोळ फेकू शकतो, परंतु त्याचे शरीर दुबळे असते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशीच या खेळाची रचना आहे.

समजा, शिरूरच्या शाळेतील चार मुले सुट्टीच्या दुपारी हा खेळ खेळत आहेत. सूत्रधार झालेले पाचवे मूल सांगते, “एका पडक्या वाड्यात सहा दरोडेखोरांनी एका वाटसरूला कोंडून ठेवले आहे. त्याला सोडवा.” चौघेही उत्साहाने आत शिरतात आणि प्रत्येकजण आपापला दरोडेखोर गाठतो. जो तो आपला पराक्रम दाखविण्यात दंग होतो. थोड्याच वेळात दुबळा मांत्रिक पडतो. पुरोहित वाड्याच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला असतो. पथकाचा पराभव होतो.

असे का झाले ? साधे गणित करून पाहू. एका दरोडेखोराला पाडण्यास चार घाव लागतात आणि चौघांचे घाव कधी चुकत नाहीत, असे धरू. चौघांनी चार निरनिराळ्या शत्रूंवर घाव घातले, तर तीन फेऱ्यांनंतरही एकही शत्रू पडत नाही. अर्धमेला शत्रूसुद्धा धडधाकट शत्रूइतकाच उलट वार करीत असतो. म्हणून दर फेरीला सहा, याप्रमाणे पथकावर १८ वार येतात. चौघांनी मिळून एकाच शत्रूवर घाव घातले, तर प्रत्येक फेरीत एकेक शत्रू पडतो. पहिल्या फेरीत पाच, दुसरीत चार आणि तिसरीत तीन, असे १२ वारच पथकावर येतात. श्रम तितकेच, पण फळ निराळे.

दुसऱ्या खेपेस मुले आधी विचार करतात. हेर एकटाच पुढे जातो. वाटसरू मागच्या खोलीत आहे आणि त्या खोलीला खिडकी आहे, एवढे पाहून तो परततो. मग योद्धा वाड्याच्या अरुंद दिंडीत ठाण मांडतो. १६६० मध्ये बाजी प्रभू देशपांड्यांनी घोडखिंड अडविली, तेव्हा अरुंद वाटेचाच आश्रय घेतला होता. रुंद मैदानात सहा जण एकाला वेढतात, दिंडीत मात्र एका वेळी दोघेच पुढे येऊ शकतात. मांत्रिक मागे सुरक्षित राहून त्या दोघांपैकी एकावरच मारा करतो. पुरोहित मध्ये उभा राहून योद्ध्याकडे लक्ष ठेवतो. लहानसहान जखमांवर तो आपली शक्ती खर्च करीत नाही, कारण ती मोजकीच असते. योद्धा आता पडणार असे दिसताच तो पुढे होतो. एवढ्या अवधीत हेर मागच्या खिडकीने वाटसरूला बाहेर काढतो आणि शीळ घालतो. शीळ ऐकताच तिघेही मागे सरतात.

या झटापटीत दोनच दरोडेखोर पडले, चार उरले. तरीही पथकाचा विजय झाला, कारण शत्रूला मारणे हे त्याचे काम नव्हते. वाटसरूला सोडविणे हे काम होते, आणि ते साधले. दिंडीतील योद्ध्याने शत्रूंना आपल्याकडे गुंतवून ठेवले, यातच त्याचा पराक्रम होता.

आता पेडगावच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्या २,००० स्वारांना हेच करावयाचे होते. फार वेगाने पळाले असते, तर खान पाठलाग सोडून माघारी वळला असता. थांबून लढले असते, तर मोठ्या फौजेने त्यांना चिरडले असते. हातात तलवार असता ती म्यानातच ठेवून, शत्रूला आशा वाटेल एवढ्याच अंतरावर राहून, मैलामागून मैल दौडत राहणे हे त्यांचे काम होते. त्यांना पळपुटे म्हणून हसणाऱ्या मोगलांना हे कळले, तेव्हा फार उशीर झाला होता.

खेळावयास बसले की प्रत्येक मुलाला तलवारवाला योद्धा किंवा मांत्रिक व्हावेसे वाटते. ‘पुरोहित कोण होणार ?’ असे विचारले की सारे एकमेकांकडे पाहू लागतात. परंतु ज्या पथकात जखमा भरणारा कोणी नसतो, ते पथक फार दूर जात नाही. खेळात मिळालेले धन आणि अनुभवाचे गुण साऱ्या पथकात वाटले जातात ते याचसाठी. लुटीतील जिन्नस प्रत्येकाने सरकारात जमा करावा, असा शिवाजी महाराजांचाही दंडक होता. पेडगावची लूट दुसऱ्या तुकडीने आणली. पहिल्या तुकडीतील स्वारांनी ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. तरीही त्या लुटीतील एकूणएक रुपया त्यांच्याही कष्टाचा होता.