भरपाईचा काळ कोणता?

वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे. वर्गात काळ शिकवू लागलो, की मागच्या बाकावरून कोणी तरी हमखास विचारतो, "सर, याचा व्यवहारात उपयोग काय?" आजवर मी हसून वेळ मारून नेत असे. मध्यंतरी अमेरिकेत वकिली करणाऱ्या माझ्या भाच्याने एका निकालाची प्रत पाठविली. सोबत लिहिले होते, "मामा, हे तुमच्याच विषयातले आहे!" वाचले, आणि हसू मावळले.

२००८ साली फ्लोरिडा राज्यात शाळेच्या बसमधून उतरलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला ट्रकने धडक दिली. जीव वाचला, पण जाणीव परतली नाही. 'मेडिकेड' या गोरगरिबांसाठी १९६५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने तिच्या औषधपाण्यावर ८,६२,६८८ डॉलर खर्च केले. आईवडिलांनी दावा लावला. नुकसान दोन कोटी डॉलरांवर होते. तडजोड झाली ८ लाखांवर. त्यांत आधी झालेल्या उपचारांचा वाटा ३५,३६७ डॉलर धरला गेला.

आता सरकार आपला खर्च परत मागणार, आणि त्यात गैर काहीच नाही. पैसा करदात्यांचा, दुसऱ्याच्या चुकीचे ओझे त्यांनी का वाहावे? मात्र ही वसुली भरपाईतल्या औषधोपचाराच्या वाट्यातूनच करता येते, वेदनेच्या वा बुडालेल्या कमाईच्या वाट्यातून नव्हे, असे तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच ठरविले होते. फ्लोरिडाचे गणित निराळे होते: एकूण रकमेतून पाव हिस्सा वकिलाचा वजा करावा आणि उरलेल्याचा निम्मा सरकारचा. म्हणजे ३ लाख! कोठे ३५ हजार, कोठे ३ लाख!

वाद उरला तो असा: कायद्यातले 'औषधोपचाराचे पैसे' म्हणजे झालेल्या उपचारांचे, की पुढे होणाऱ्यांचेही? जून २०२२ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती थॉमस म्हणाले, कायदा भूत-भविष्य असा भेद करीत नाही. दोन्हींवर राज्याला हक्क सांगता येईल. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी, ब्रायर यांच्यासह, विरुद्ध मत दिले: जो खर्च राज्याने केलाच नाही, त्याच्या पैशावर त्याचा हक्क कसा?

मी तो निकाल तीनदा वाचला. उत्तरपत्रिका म्हणून तपासायचा, तर थॉमस यांचे गुण कापणे मला जड जाईल. वाक्यात काळ नाही, हे खरेच. पण उद्याच्या शुश्रूषेसाठी राखलेला पैसा कालच्या बिलापोटी गेला, तर त्या मुलीच्या उद्याचे काय? मन सोटोमायोर यांच्या बाजूनेच कौल देते. कायदा करणाऱ्यांनी 'झालेल्या' एवढा एकच शब्द घातला असता, तर हा वाद उभाच राहिला नसता.

यंदा मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, की मी हसणार नाही. या मुलीची हकीकत सांगेन.