तीन दिवस, एक बेट

व्यापारी कुटुंबात सुट्टी सहज येत नाही. नोकरदाराच्या दिनदर्शिकेत शनिवार-रविवार आधीच वेगळ्या रंगात छापलेले असतात. दुकानदाराला मात्र तेच दोन दिवस गिऱ्हाइकीचे. म्हणूनच २६ जानेवारीसारखी सुट्टी सोमवारी आली आणि मालपुरवठा करणाऱ्या पेढ्याही बंद राहिल्या, की बाजारपेठेतील चार मित्र एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. खांदेश्वर परिसरातून अशा जोडसुट्टीत पूर्वी लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग अशी ठरलेली ठिकाणे गाठली जात. महादेवाच्या मंदिरामुळे आणि त्याच्या तलावामुळे ओळखले जाणारे हे गाव हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्यामध्ये येते. आता त्याच्या शेजारीच नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागली. विमानतळ दारात आला, की मनातील अंतरे आपोआप आखडतात. गप्पांच्या ओघात कोणीतरी अंदमानचे नाव काढतो आणि बाकीच्यांना ते पटू लागते.

मनातील अंतर आखडले तरी नकाशावरील अंतर तेवढेच राहते. श्री विजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. खांदेश्वराहून निघणाऱ्याला बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर येथे विमान बदलावे लागते. पहिला दिवस त्यातच सरतो. राधानगरचा प्रसिद्ध किनारा ज्या स्वराज द्वीपावर आहे, त्याचे जुने नाव हॅवलॉक. तेथे जाण्यासाठी श्री विजयपुरमहून पुन्हा बोट धरावी लागते. खासगी जलद बोटीला दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून थोडे अधिक. वारा वाढला, समुद्र खवळला, तर बोट रद्द होते आणि पुढचे सारे वेळापत्रक कोलमडते. तीन दिवसांत सेल्युलर जेल, स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि बाराटांगच्या गुहा असे सारे बसवणारी सहलयोजना कागदावर भरगच्च दिसते. प्रत्यक्षात प्रवासी रांगेत, गाडीत आणि धक्क्यावरच अधिक वेळ घालवतो. ज्याला नफातोट्याचा हिशोब कळतो, त्याने हा हिशोब आधी मांडावा. शक्य असेल तर सुट्टीला एक दिवस जोडावा. नसेल तर शहर आणि एकच बेट ठरवावे व उरलेल्या नावांवर निश्चिंत मनाने काट मारावी.

कोणती जोडसुट्टी निवडावी हेही ऋतू ठरवतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वप्रथम अंदमानात, मे महिन्याच्या उत्तरार्धात पोहोचतो, आणि ईशान्येचे वारे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाऊस आणतात. डिसेंबर ते एप्रिल हा काळ त्यातल्या त्यात शांत असतो. १५ ऑगस्टच्या आसपासची सुट्टी कितीही मोहक दिसली, तरी तेव्हा समुद्र अनुकूल नसतो. जैन घरात तो चातुर्मासाचा काळ. अनावश्यक प्रवास टाळण्याची घरातील जुनी शिस्त आणि नाविकाचा सल्ला या एका बाबतीत तंतोतंत जुळतात. महावीर जन्मकल्याणकाची सुट्टी चांगल्या ऋतूत येते खरी. पण त्या दिवसाची जागा मंदिरात आणि मिरवणुकीत आहे, धक्क्यावर नव्हे.

अंदमानात पाऊल ठेवल्यावर जैन प्रवाशाला पहिला धक्का देतो तो सूर्य. घड्याळ भारतभर एकच असले, तरी हे बेट आपल्यापेक्षा सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे. जानेवारीच्या अखेरीस खांदेश्वरी सूर्य सकाळी सातनंतर उगवतो आणि सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो. तेथे तो पावणेसहाला वर आलेला असतो आणि सव्वापाच वाजता समुद्रात उतरतो. घरच्या सवयीने कोणी सहा वाजता जेवणाची आठवण काढली, तर अंधार पडून गेलेला असतो. रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्यांनी संध्याकाळचे जेवण साडेचारलाच आटोपण्याची तयारी ठेवावी. अडचण अशी, की राधानगरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि सारे प्रवासी तेथे नेमके सूर्यास्तासाठीच जातात. उपाहारगृहाला ‘लवकर जेवण द्या’ एवढे सांगून भागत नाही. ‘चार वाजता पाने वाढा’ असे आदल्या दिवशी सांगावे लागते. उलट नवकारशी करणाऱ्याला येथे लाभच होतो. घरी जी वेळ आठच्या सुमारास येते, ती येथे साडेसहालाच येते आणि सकाळच्या बोटीपूर्वी नाश्ता निर्वेधपणे होतो.

स्वयंपाकघराबाबत गैरसमज नसावा. बेटांवरील आहार प्रामुख्याने मासळीवर आधारलेला आहे. शहरात शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे सापडतात. लहान बेटांवर एकाच चुलीवर सर्व काही शिजण्याची शक्यता अधिक. कांदा-लसूण आणि कंदमूळ नको, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. बराचसा किराणा मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, त्यामुळे आपण मागू ती भाजी तेथे असेलच असे नाही. खाकरा, दशमी, मेतकूट, कोरडी चटणी आणि भाजलेल्या पिठाचा एक डबा प्रत्येक कुटुंबाने बरोबर घेतला, तर चार घरांची शिदोरी एका टेबलावर येते आणि जेवणाची चिंता मिटते. शिवाय सहलीतील सर्वांत आनंदाची पंगतही बहुधा तीच ठरते. मात्र या शिदोरीची प्लास्टिकची वेष्टने बेटावर सोडून येऊ नयेत. कचरा टाकायला बेटाला दुसरे गाव नसते. जे आणले ते तेथेच राहते किंवा समुद्रात जाते. रिकामी पिशवी परत आपल्याच सामानात ठेवणे अवघड नाही, आणि मुलांसमोर घडलेला हा छोटा आचार दीर्घकाळ लक्षात राहतो.

अंदमानच्या सहलीत खरी परीक्षा होते ती ओहोटीच्या वेळी, उथळ पाण्यात. दूरवरून खडकासारखे दिसणारे प्रवाळ हे सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी बांधलेले असते. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले, की ही शैवाले बाहेर टाकली जातात, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता टिकली तर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानच्या प्रवाळांवर असे संकट आले होते. त्यातून जे वाचले, ते एखाद्या हौशी पर्यटकाच्या पायाखाली मोडावे, ही गोष्ट कोणालाही लाजिरवाणी वाटावी. प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात. छायाचित्रासाठी त्यावर उभे राहायला एक क्षण पुरतो. जैन घरांतील ज्येष्ठांच्या बोटात पोवळ्याची अंगठी असते आणि अनेकांच्या पेढीवर मोती-पोवळ्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे. ते पोवळे ज्या कुळातले, त्याच कुळाचे जिवंत रूप येथे पाण्याखाली असते. ते एकदा डोळ्यांनी पाहिले, की अंगठीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

हीच गोष्ट शंखशिंपल्यांची. पाठशाळेत जाणाऱ्या मुलाला शंख आणि कवडी ही द्वीन्द्रिय जीवांची उदाहरणे तोंडपाठ असतात. तेच मूल किनाऱ्यावर मूठभर शिंपले गोळा करते, आणि पालकही कौतुकाने पिशवी पुढे करतात. रिकाम्या दिसणाऱ्या शंखात पुष्कळदा जीव असतो. मूळ जीव गेला असला तरी एखादा खेकडा त्यात घर करून राहिलेला असतो. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, काही शंखशिंपल्यांनाही ते लागू आहे, आणि परतताना विमानतळावरील तपासणीत असे सामान काढून घेतले जाते. वस्तू घ्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्यावी. त्याहून उत्तम म्हणजे रिकाम्या हाताने परतावे. किनाऱ्यावरील शंख तेथेच राहिला म्हणून सहलीत काहीही कमी पडत नाही.

मराठी माणसासाठी अंदमान आणि सेल्युलर जेल ही नावे एकमेकांपासून वेगळी होत नाहीत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या कारागृहाला मुळात सात पाखे होते. आज तीन उरले आहेत. येथे गणेश दामोदर आणि विनायक दामोदर हे दोघे सावरकर बंधू बंदिवान होते. विनायकरावांना १९११ मध्ये येथे आणले गेले आणि १९२१ मध्ये परत मुख्य भूमीवर नेले गेले. कोलूला जुंपलेल्या कैद्याकडून दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून अधिक खोबरेल मागितले जाई. तेलाच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या माणसाला या आकड्याचे वजन अधिक नेमके कळेल. बांधणीतही एक निर्दय हिशोब होता. प्रत्येक पाख्याच्या कोठड्यांची तोंडे पुढच्या पाख्याच्या पाठीकडे केलेली होती, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचे तोंड दिसू नये. मैत्रीच्या सुखासाठी निघालेल्या गटाने हे कारागृह घाईने उरकू नये. माणसाला माणसापासून तोडणे हीच शिक्षा, असे मानून ही इमारत उभारली गेली. सोबतीचे मोल काय असते, ते त्या अरुंद दारांपाशी कळते. ११ फेब्रुवारी १९७९ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी ते उघडे असते का, याची चौकशी मात्र निघण्यापूर्वीच करावी.

येथील मूळ रहिवाशांविषयीही विवेक हवा. जारवा समाजाच्या राखीव वनातून जाणाऱ्या रस्त्यावर वाहने ताफ्यानेच सोडतात. थांबणे, छायाचित्रे काढणे, खाऊ देणे यांना मनाई आहे. उत्तर सेंटिनेल बेटाजवळ जाण्यासही बंदी आहे. बाहेरचा साधा आजारही या छोट्या समाजांच्या जिवावर बेतू शकतो. त्यांना पाहण्याच्या कुतूहलापोटी त्या वाटेने न जाणे, हाही अहिंसेचाच एक व्यवहार आहे.

राहतो प्रश्न मित्रांचा. व्यापारातील मैत्रीला एक अवघड किनार असते. ज्याच्यासोबत सहलीला जायचे, त्याच्याशीच उधारी असते, भावावरून झालेली कुरबुर असते, एकाच गिऱ्हाइकावरची स्पर्धा असते. म्हणून काही गोष्टी आधी ठरलेल्या बऱ्या. खर्चाची वही एकाच्या हाती असावी आणि रोज रात्री ती सर्वांसमोर वाचली जावी. कोणत्या दर्जाची खोली, कोणती बोट, हे कमीत कमी खर्च झेपणाऱ्या कुटुंबाकडे पाहून ठरावे. एखाद्या मित्राला संकोचाने ‘आम्हाला चालेल’ म्हणावे लागले, तर त्या सहलीचा गोडवा तेथेच संपतो. पाण्याची भीती असलेल्यावर बुडी मारण्याचा आग्रह नको. जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे, आणि मगरींबाबतच्या सूचना लावलेल्या किनाऱ्यावर धाडस करू नये. चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि बेटांवर इंटरनेट सुधारले. त्यामुळे दुकान आता खिशातून बरोबर येते. दिवसातील एक तास दुकानाला देऊन उरलेले तास मित्रांना द्यावेत, एवढा नियम पुरे.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे आणि देशव्रत किंवा देशावकाशिकही आहे. आपण किती दूर जाऊ आणि ठरावीक काळात किती जागेत वावरू, याची मर्यादा माणसाने स्वतःहून आखून घ्यावी, हा त्यामागील विचार. बेटावर ही मर्यादा समुद्रच आखून देतो. चालायला जागा थोडी, पाणी मोजके, दिवस लवकर संपणारा, बाजार छोटा. बाजारपेठेत ‘अजून थोडे’ हा शब्द दिवसभर ओठांवर असणाऱ्या माणसाला तीन दिवस ‘एवढे पुरे’ म्हणून जगता येते का, हे तेथे कळते. ज्या मित्रगटाला ते जमते, त्याला तीन दिवसांत एक बेट पुरते. ज्याला जमत नाही, त्याला पाचशेहून अधिक बेटांचा हा सारा समूहही अपुरा पडेल.