कपाटाआधी खोली

गावात संगणकाचे जाळे यायचे म्हटले, की चर्चा होते ती यंत्रांची. खोलीचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि मग अडगळीची एखादी खोली झाडून दिली जाते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ असे नाव मिळालेल्या योजनेतून प्रकाशतंतूंची केबल ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले. तेव्हा पवनी, साकोली किंवा तुमसरच्या शिक्षकालाही कोणी सहज विचारील, “गुरुजी, ही खोली चालेल का?” उत्तराला लागणारे विज्ञान शालेय पुस्तकातलेच आहे.

जाळ्याची यंत्रे ज्या लोखंडी चौकटीत एकावर एक बसवतात, तिला रॅक म्हणतात. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी जगभर १९ इंच असते आणि उंची १.७५ इंचांच्या पटीत मोजतात.

उष्णता कुठे जाणार?

यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. समजा, यंत्रे ५०० वॉट वीज घेतात आणि खोली ३ मीटर लांब, रुंद व उंच आहे. तिच्यात सुमारे ३२ किलो हवा मावते. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १००० ज्यूल लागतात. भिंतींनी काहीच उष्णता शोषली नाही, तर दर ६४ सेकंदांना तापमान एक अंशाने चढेल! भिंती ही गती कमी करतात, पण बंद खोली तापतेच.

मग पंखा लावला तर? भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अनेक यंत्रांना ४० अंशांपर्यंतचीच हवा चालते. बाहेरची हवा आत ओढून खोली बाहेरपेक्षा थंड होणार नाही. म्हणून उन्हाने न तापणारी, शक्यतो उत्तरेकडची खोली निवडावी. तेवढ्याने भागत नसेल तर वातानुकूलन हवेच. रॅकच्या पुढे-मागे सुमारे एक मीटर जागा मोकळी ठेवावी.

अर्थिंग मे महिन्यात तपासा

विजेची तार सुटून रॅकला लागली तर? अर्थिंगच्या वाटेचा रोध २ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर प्रवाह वाहील आणि १६ अँपिअरचा एमसीबी काही क्षणांत वीज तोडील. पण रोध २३ ओहम असेल, तर प्रवाह फक्त १० अँपिअर. एमसीबी पडणारच नाही! चौकट जिवंत राहील आणि तिला हात लावणारे मूल धोक्यात येईल. माती कोरडी झाली की हा रोध वाढतो. पावसाळ्यात उत्तम ठरलेले अर्थिंग उन्हाळ्यात दगा देऊ शकते. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करून घ्यावी. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो थोड्या गळतीनेही वीज तोडतो.

जड खाली, पण किती खाली?

गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून यूपीएस, बॅटऱ्या तळाशी ठेवतात आणि रॅक जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने आवळतात. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, हे आपण विसरू नये. पाण्याच्या भीतीने बॅटऱ्या वर ठेवल्या, तर रॅक कलंडेल. उपाय सोपा आहे: पुराच्या खुणेपेक्षा उंच पक्का ओटा बांधून संपूर्ण रॅकच वर घ्यावा. ते शक्य नसेल, तर वरच्या मजल्यावर जावे. मात्र मजला वजन पेलेल का, हे आधी अभियंत्याला विचारावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. आगपेटीच्या एका टोकाशी नाणी बसवून ती पाटीवर उभी करा आणि पाटी हळूहळू तिरपी करा. नाणी खाली असताना व वर असताना पेटी कधी पडते, ते मुलांना मोजू द्या. मग त्यांना घेऊन ती खोली बघायला जा.