शेवटच्या आजारपणाचा जमाखर्च

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षं काढल्यावर या म्हणीचा पुरेपूर अनुभव मला कुठे आला असेल, तर तो धर्मादाय संस्थांच्या खात्यांवर. तोट्यातला कारखानासुद्धा पाच-सात वर्षं ओढला जातो. यंत्रं असतात, जमीन असते, त्यावर कर्ज मिळतं. पण जिचं कामच मुळी बऱ्या न होणाऱ्या माणसाचं दुखणं हलकं करणं, जखम धुणं, अंग पुसणं, कूस बदलून देणं हे आहे, अशा संस्थेला बँक तरी कशाच्या तारणावर कर्ज देणार?

अशा संस्थेला हॉस्पिस म्हणतात. आपल्याकडे अजून त्याला नेटका शब्द रुळलेला नाही. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, तिथून आजच्या अर्थानं ही चळवळ सुरू झाली. या बाई आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, आणि पुढे डॉक्टर झाल्या. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत निघालं. टाटा रुग्णालयातले कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं. पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्ला या औषध कंपनीच्या पैशातून कर्करुग्णांसाठी असंच केंद्र उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. आमच्या शिरपूरहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या वर. ज्याला पाठ टेकवत नाही अशा माणसाला मुंबई-आग्रा रस्त्यानं तिथवर न्यायचं म्हणजे काय, हे ज्यानं नेलं आहे त्यालाच विचारावं.

अशी केंद्रं तालुक्यातालुक्यात का निघाली नाहीत, आणि जी निघतात त्यांची दमछाक का होते? डॉक्टर मंडळी याची वैद्यकीय कारणं सांगतील. मला दिसतं ते खातेवहीतून.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बँकेच्या मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं. एखाद्या ट्रस्टनं पन्नास लाखांचा कायम निधी जमवला की वर्षाला सहा लाख हातात येत. मुद्दलाला हात न लावता चार परिचारिकांचे पगार, धोब्याचं बिल, स्वयंपाकीण हे सगळं त्यात भागे. २०२० साली स्टेट बँकेचा पाच वर्षांवरच्या ठेवीचा दर ५.४ टक्के झाला. त्याच पन्नास लाखांवर आता दोन लाख सत्तर हजार. पुढे दर थोडे चढले, पण जुने दिवस काही परतले नाहीत. आणि या पंचवीस वर्षांत परिचारिकेचा पगार कितीपट वाढला ते सांगायला नको. बरं, धर्मादाय ट्रस्टला निधी कुठे गुंतवायचा हे कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. बाजार चढला म्हणून शेअरमध्ये पैसे घालायची सोय नाही. ती नसावी, हेही बरोबरच आहे. सांगायचं एवढंच, की ‘व्याजावर संस्था चालवू’ हे आमच्या पिढीचं साधंसोपं गणित आता मोडलं आहे.

मग देणग्या. मार्च महिन्यात ‘८० जी’ची पावती हवी म्हणून येणारा एक मध्यमवर्गीय देणगीदार असायचा. शिक्षक, दुकानदार, आमच्यासारखे नोकरदार. हजार, दोन हजार, पाच हजार. २०२३-२४ पासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धती धरली जाते आणि तिच्यात या देणगीवर सूट नाही. पावतीसाठी दिलेलं दान ते दान नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणोत. वर्षाचा ताळमेळ घालणाऱ्या खजिनदाराला असल्या सोवळ्याचा उपयोग नसतो.

कंपन्यांचा पैसा आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, ही चांगली गोष्ट झाली. पण कंपनीनं आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही तोच कायदा सांगतो. म्हणजे पैसा मुंबई-पुण्याच्या अवतीभवती फिरणार, सातपुड्याच्या पायथ्याशी कमी येणार. आणि तो बहुधा वर्षाच्या, फार तर तीन वर्षांच्या बोलीनं येतो. दुखणं काही ३१ मार्च पाहून थांबत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा लहान संस्थेला पुढे देता येत नाही. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्यांपर्यंत येणारा एक पाट तिथेच अडला.

सरकारनं २०१२ साली उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम कागदावर आणला. त्याला स्वतंत्र तरतूद मात्र मिळाली नाही. राज्यांनी आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात मागणी करावी, अशी व्यवस्था झाली. जे राज्य मागेल त्याला मिळेल. मागणी कोण लिहिणार, हा प्रश्न राहिलाच.

हे फक्त आपल्याकडेच, असंही नाही. जिथे ही कल्पना जन्मली त्या इंग्लंडमध्ये हॉस्पिसना सरकारकडून सरासरी एक तृतीयांशच्या आसपास खर्च मिळतो. उरलेला देणग्या, मृत्युपत्रं आणि जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानांतून. महागाई आणि पगारवाढीनं तिथल्या कित्येकांनी खाटा बंद ठेवल्या, माणसं कमी केली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं दहा कोटी पौंड जाहीर केले, पण इमारती आणि साधनांसाठी. पगाराचा प्रश्न होता तिथेच राहिला.

इमारतीवर दात्याच्या नावाची फरशी बसते. पगारावर ती कुठे बसवणार? आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथे नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, त्याला इथल्या सूतगिरणीचा पैसा मिळाला आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव देशभर गेलं. पैसा गावात उभा राहू शकतो, हे त्यानं सिद्ध झालं. पण बंधाऱ्यातलं पाणी पावसाळ्यानंतर साऱ्या गावाला दिसतं. रात्री अकरा वाजता कुणा म्हाताऱ्याची वेदना उतरली, हे त्याच्या घराबाहेर कुणाला दिसत नाही.

पैशाची ओढाताण झाली की संस्था सहसा एकदम बंद पडत नाही. खाटा कमी होतात आणि ‘घरी जाऊन सेवा’ वाढते. ही सेवा चांगलीच आहे. बहुतेकांना शेवटचे दिवस आपल्या ओट्यावर, आपल्या माणसांत हवे असतात, आणि संस्थेलाही ती खाटेपेक्षा स्वस्त पडते. पण कमी झालेला खर्च जातो कुठे, हे पाहायची मला खोड आहे.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, जिनिंगमध्ये हमाली केलेले. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग झाला. मुंबईच्या फेऱ्या झाल्या, आणि शेवटी फाईलवर ‘घरी सेवा करा’ असं लिहून आलं. बोलणं जवळजवळ गेलं होतं. मी गेलो की हात धरून एवढंच म्हणायचे, “भाऊ, रात सरत नही.” सून कापूस वेचायला जायची. ऐन वेचणीचे शंभर दिवस ती घरी बसली. जखमेची घाण काढणं, नळीतून पेज घालणं, चादरी धुणं तिनंच केलं. तीनशे रुपये रोज धरला तरी तीस हजार झाले. मुलगा महिन्यातून एकदा मॉर्फिनच्या गोळ्या आणायला रात्रीच्या बसनं जायचा. त्याचे दोन रोज आणि भाडं वेगळं. कुठल्याही संस्थेच्या अहवालात हा आकडा येत नाही. तिला कुणी पावतीही दिली नाही.

गोळी महाग नाही, काही रुपयांची असते. आणि ती ज्या अफूपासून होते, ती अफू कुठे पिकते? पळासनेरची सीमा ओलांडून इंदूरच्या पुढे गेलं की मंदसौर, नीमच. अफूचा सरकारी कारखानाही नीमचलाच आहे. एका दिवसाच्या रस्त्यावरचा हा माल. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचं असं जंजाळ झालं, की औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. अट एवढी, की तिथल्या एका तरी डॉक्टरनं वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. ते काही आठवड्यांत होतं.

केरळनं हे कोडं वेगळ्या रीतीनं सोडवलं. कालिकतला १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लहानसा दवाखाना काढला. त्यातून गावोगाव स्वयंसेवकांची जाळी तयार झाली, लोकांनी थोडेथोडे पैसे द्यायची सवय लावून घेतली. २००८ साली राज्यानं धोरण केलं आणि ग्रामपंचायतींना या कामाची जबाबदारी दिली. पंचायतीच्या पैशातून परिचारिका नेमली जाते, ती घरोघर फिरते. मोठा कायम निधी नाही, की नावाची फरशी नाही. पाणीपट्टीसारखा दर वर्षी मांडायचा खर्च.

आमच्या तालुक्यापुरता मी कागदावर अंदाज मांडून पाहिला. दोन परिचारिका, बावीस हजारांप्रमाणे चव्वेचाळीस. अर्धवेळ डॉक्टर, तीस. गाडी आणि पेट्रोल, चौदा. बोराडी-सांगवीकडच्या पावरा पाड्यांपर्यंत जायचं तर कमीच पडेल. औषधं आणि पट्ट्या, बारा. महिन्याला लाख, वर्षाला बारा लाख. बारा टक्क्यांच्या दिवसांत एक कोटीच्या ठेवीवर हे भागलं असतं. सहा टक्क्यांनी दोन कोटी लागतील. ते जमेपर्यंत थांबायचं म्हटलं तर माझ्या हयातीत होणं नाही. नगरपरिषद, पंचायत समिती आणि इथल्या सूतगिरणीसारखे दोन-तीन उद्योग यांनी वर्षाचे बारा लाख आपापल्या अंदाजपत्रकात वाटून घेतले, तर पुढच्या एप्रिलपासून सुरू होईल. मॉर्फिनच्या मान्यतेचा अर्ज मात्र उपजिल्हा रुग्णालयातूनच जायला हवा, आणि त्याआधी तिथल्या एका डॉक्टरला प्रशिक्षणासाठी रजा मंजूर व्हायला हवी.