एका मीटरचा एक सेंटिमीटर

शाळेत विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं घरी येऊन सांगतात, "आई, मेट्रोचा पूल करायचाय." मग आपण पुठ्ठा कापतो, रंग देतो, पण खांब बुटके होतात आणि गाडी पुलापेक्षा मोठी दिसते. कारण एकच, प्रमाण ठरवलेलं नसतं. आज तेच समजून घेऊ.

उदाहरण नागपूरचं घेऊ. तिथं वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो आहे. तिन्ही एकाच जागेत, खांबांच्या एकाच रांगेवर. हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटर लांब आहे.

प्रमाण १:१०० धरा. म्हणजे खरा एक मीटर, आपला एक सेंटिमीटर. या हिशेबाने अख्खा पूल ३१ मीटरच्या वर जाईल, शाळेच्या वर्गात मावणार नाही! म्हणून दोनच गाळे करू. दोन खांबांतलं अंतर ३० मीटर धरलं तर आपले ३० सेंटिमीटर. दोन गाळ्यांना तीन खांब लागतात.

खांबाची जाडी दोन मीटर धरली, तर वायरिंगची २० मिलिमीटरची पाइप बरोबर बसते. रस्त्यापासून उड्डाणपुलाच्या तळापर्यंत साडेपाच सेंटिमीटर मोकळे ठेवा, कारण खऱ्या रस्त्यावर भरलेला ट्रक खालून जायला हवा. उड्डाणपुलावरही तेवढीच मोकळी जागा ठेवून वर मेट्रो. डबा सुमारे २२ सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटरला थोडा कमी रुंद. दोन रुळांतलं अंतर १४ मिलिमीटर.

आता मुलांना एक गंमत दाखवा. दोन पेल्यांवर पुठ्ठ्याची सपाट पट्टी ठेवा, वर नाणी ठेवा. पट्टी वाकते. तीच पट्टी घडी घालून पेटीसारखी करा, मग तेवढ्याच नाण्यांनी वाकत नाही. म्हणून पुलाचे गर्डर आतून पोकळ पेटीसारखे असतात. वजन कमी, ताकद जास्त.

खांब आणि गर्डर यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावा. खऱ्या पुलात तिथं बेअरिंग असतं. उन्हात काँक्रीट प्रसरण पावतं, त्याला सरकायला वाव हवा. म्हणूनच दोन गर्डरमध्ये बारीक फट ठेवायची, ती फेविकॉलने भरू नका. कापताना स्टीलची पट्टी लावा आणि कटर मोठ्या माणसाच्याच हातात ठेवा.

बचतगटाला अशा मॉडेलची ऑर्डर मिळाली, तर फक्त पुठ्ठा-रंगाचा खर्च धरू नका. किती जणी किती तास बसल्या ते वहीत लिहा, त्याची मजुरी धरा, मगच किंमत सांगा. आपल्या हाताची मजुरी आपणच विसरलो, तर ती दुसरं कोण देणार?

आणि हे गणित प्रदर्शनापुरतं नाही. ग्रामसभेत गटाराचा किंवा रस्त्याचा नकाशा आला, की आधी विचारा, "प्रमाण काय?" १:१०० च्या नकाशात गटार सहा मिलिमीटर रुंद असेल, तर जागेवर ते ६० सेंटिमीटर भरलं पाहिजे. चौघी मिळून टेप घेऊन जा, मोजा. कमी भरलं, तर पुढच्या सभेत आकडा सांगून विचारा. आकडा हातात असला की बाईचं बोलणं कुणाला हसण्यावारी नेता येत नाही.