खुंटी, दोरी आणि वजाचं चिन्ह

पूर्वी खळ्यात मधोमध तिवडा रोवलेला असे आणि बैलांची पात त्याच्याभोवती फिरे. भांडगावात अकरावीतली भाची वर्तुळाच्या समीकरणाशी अडली, तेव्हा मला तो तिवडाच आठवला. मी कविता करणारा, बी.ए. झालेला माणूस, गणिताशी सख्य बेताचंच.

अंगणात खुंटी ठोकली, पाच हात दोरी बांधली. म्हटलं, पूर्वेला ३ हात जा, तिथून उत्तरेला ४. दोरी बरोबर ताणली गेली. "मामू, हा तर पायथागोरस!" तोच. ९ आणि १६ मिळून २५, म्हणजे ५ चा वर्ग. ३ आणि ४ च्या जागी क्ष आणि य ठेवा: क्ष² + य² = २५. बेरीज २० आली तर बिंदू वर्तुळाच्या आत, ३० आली तर बाहेर. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हा नियम वेदी आखण्यासाठी आला आहे. शुल्ब म्हणजे दोरीच.

खरी अडचण पुढे होती. केंद्र (२, १) असेल तर (क्ष − २)² + (य − १)² = २५. केंद्र पूर्वेला सरकलं, मग वजा का? पोरं इथं घोकंपट्टी करतात आणि परीक्षेत चिन्ह उलटं लिहितात.

खुंटी उपटून २ हात पूर्वेला, १ हात उत्तरेला रोवली. मोजायचं जुन्या खड्ड्यापासून, दोरी मात्र नव्या खुंटीला. खड्ड्यापासून ७ हात पूर्वेला उभा असलेला माणूस खुंटीच्या ५ हातच पुढे असतो. ते २ वजा करावेच लागतात.

ती काही बोलली नाही. खुंटी उपटून तिनं खड्ड्याच्या पश्चिमेला रोवली आणि म्हणाली, "आता अधिक."